खडा, अहवाल आणि पावती

हिरा म्हणजे कार्बन. पेन्सिलीतले ग्रॅफाइटही कार्बनच; फरक आहे तो अणूंच्या मांडणीचा. हिऱ्यात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी घट्ट बांधलेला असतो. त्यामुळे हिरा अतिशय कठीण असतो, उष्णता झपाट्याने वाहून नेतो आणि आत शिरलेल्या प्रकाशाला चांगलाच वाकवतो. ही मांडणी जमिनीच्या पोटात झाली की यंत्राच्या पेटीत, याने त्या गुणांत फरक पडत नाही. म्हणून सराफाच्या पेढीवर ‘नॅचरल’ आणि ‘लॅबग्रोन’ या नावांनी जे दोन खडे दाखवले जातात, ते दोन्ही खरे हिरेच. नुसत्या डोळ्यांनी, किंबहुना दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगानेही, त्यांतला कोणता कुठला हे जाणत्या जव्हेऱ्यालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. किमतीत मात्र कित्येक पटींचे अंतर असते.

हिरा घेणाऱ्यापुढे त्यामुळे दोन प्रश्न असतात. हा खडा नेमका काय आहे? आणि उद्या तो मोडायला काढला तर त्याचे किती येतील? पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळेच्या अहवालात मिळते. दुसऱ्याचे उत्तर अहवालात कुठेही नसते; असलेच तर ते दुकानाच्या पावतीवर असते. गिऱ्हाइकाची निराशा बहुधा होते ती पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याचे समजल्यामुळे.

हिऱ्यासारखे दिसणारे

आधी जे हिरेच नाहीत ते बाजूला काढलेले बरे. ‘अमेरिकन डायमंड’ किंवा ‘एडी’ या नावाने तुळजापूरच्या यात्रेपासून पुण्याच्या तुळशीबागेपर्यंत जे विकले जाते, ते क्युबिक झिर्कोनिया, म्हणजे झिर्कोनियम धातूचे ऑक्साइड. त्यात कार्बनचा अंशही नाही. अमेरिकेचाही फारसा संबंध नाही. त्याच आकाराच्या हिऱ्यापेक्षा हा खडा वजनाला दीडपटीहून जास्त भरतो आणि वापरात त्याच्या कडा काही वर्षांत बोथट होतात. लॅबग्रोन म्हणजे एडीचाच नवा अवतार, असा समज धाराशिवच्या बाजारातही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. नैसर्गिक आणि लॅबग्रोन ही एकाच पदार्थाची दोन जन्मस्थाने आहेत. एडी हा पदार्थच वेगळा.

मॉइसनाइट हा सिलिकॉन कार्बाइडचा खडा जास्त फसवा. दुकानात पेनासारखे एक यंत्र असते. त्याचे टोक खड्याला टेकवले की दिवे लागतात आणि ‘डायमंड’ असा कौल मिळतो. हे यंत्र खडा उष्णता किती वेगाने वाहून नेतो एवढेच मोजते. मॉइसनाइटही उष्णता वेगाने वाहून नेतो, त्यामुळे साध्या पेनला तो हिराच वाटतो. विजेच्या वहनावर चालणारे दुसरे यंत्र त्याला पकडते. भिंगाखाली तो स्वतःच उघडा पडतो. वरून थोडा तिरका धरून पाहिला की तळाकडच्या पैलूंच्या रेषा दुहेरी दिसतात, कारण त्यात शिरलेला किरण दोन वाटांनी जातो. हिऱ्यात त्या रेषा एकेरीच दिसतात. लॅबग्रोन हिरा मात्र पेनची, विजेची आणि भिंगाची अशा तिन्ही परीक्षा उत्तीर्ण होतो. ‘मशीन लावून दाखवतो, खरा हिरा आहे’ या वाक्यात म्हणूनच खोटे काही नसते, पण ते गिऱ्हाइकाच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

आणखी एक प्रकार या जिल्ह्याला जवळचा आहे. धाराशिव जिल्हा दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर साचून हा खडक झाला. त्यातल्या पोकळ्यांमध्ये पुढे स्फटिक वाढले. विहीर खोदताना सुरुंगाने खडक फुटला की आतून पांढरे, लखलखणारे खडे निघतात आणि ते फडक्यात बांधून सराफाकडे नेले जातात. ते गारेचे स्फटिक असतात, नाहीतर अपोफिलाइट, स्टिल्बाइट यांसारखी खनिजे असतात. संग्राहक त्यांना चांगली किंमत देतात, पण ते हिरे नव्हेत आणि या खडकात हिरा सापडण्याचा प्रश्नच येत नाही. हिरा जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल तयार होतो. बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांचे वय शंभर ते साडेतीनशे कोटी वर्षांच्या दरम्यानचे आहे. किंबरलाइट नावाच्या दुर्मीळ खडकाचा किंवा त्याच्या भाऊबंदांचा उद्रेक त्याला वर आणतो. महाराष्ट्रात हिऱ्याच्या खाणीचा जुना लौकिक आहे तो गडचिरोली जिल्ह्यातल्या वैरागडचा. अकबराच्या काळातल्या आईन-ए-अकबरीत वऱ्हाडच्या वर्णनात त्याचा उल्लेख आहे. गोवळकोंड्याचे म्हणून जगभर गाजलेले हिरे कृष्णेच्या काठच्या कोल्लूरसारख्या खाणींतून निघत; गोवळकोंडा ही त्यांची पेठ. आज देशातली नावाजलेली खाण मध्य प्रदेशात पन्ना येथे आहे.

जिल्ह्याचा हिऱ्याशी संबंध खडकातून नव्हे, तर राज्यकर्त्यांकडून आला. धाराशिवचे आधीचे उस्मानाबाद हे नाव ज्यांच्यावरून पडले ते हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान हे त्यांच्या काळातले जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक. १८४.७५ कॅरट वजनाचा जेकब हिरा ते टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवत, असे सांगतात. हा हिरा त्यांच्या वडिलांनी, सहाव्या निजामांनी, १८९१ मध्ये अलेक्झांडर जेकब या व्यापाऱ्याकडून घेतला. व्यवहारावरून असा वाद पेटला की प्रकरण कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात गेले. निजामाचा म्हणजे गोवळकोंड्याचा, असे कोणालाही वाटेल. पण हा दगड दक्षिण आफ्रिकेतून आला असावा, असे मानले जाते. १९९५ मध्ये भारत सरकारने निजामाच्या १७३ रत्नाभूषणांचा संग्रह सुमारे २१८ कोटी रुपयांना विकत घेतला, त्यात जेकबही आला.

यंत्रात हिरा कसा वाढतो

माणसाने हिरा करण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली एचपीएचटी, म्हणजे प्रचंड दाब आणि प्रचंड उष्णता. लोखंड, निकेल, कोबाल्ट यांसारख्या वितळलेल्या धातूत कार्बन विरघळवायचा. वातावरणाच्या पन्नास-साठ हजार पट दाब आणि १३०० ते १६०० अंश सेल्सिअस तापमान दिले की तो हिऱ्याच्या छोट्याशा बीजावर जमू लागतो. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९५५ मध्ये आपले यश जाहीर केले ते याच मार्गाने. स्वीडनच्या आसिया कंपनीने ते १९५३ मध्येच साधले होते, पण जाहीर केले नव्हते. सुरुवातीचा हा माल दागिन्यांचा नव्हे, तर कापण्या-घासण्याच्या अवजारांचा होता.

दुसरी पद्धत सीव्हीडी. निर्वात केलेल्या पेटीत हिऱ्याच्या पातळ चकत्या बीज म्हणून मांडतात आणि मिथेन व हायड्रोजन हे वायू सोडतात. मायक्रोवेव्हच्या ऊर्जेने वायू तापून त्यांचा प्लाझ्मा होतो, मिथेनमधला कार्बन सुटा होतो आणि बीजावर थरावर थर बसत जातात. काही आठवड्यांत पैलू पाडण्याजोगा खडा तयार होतो. सुरतेत या पद्धतीने मोठ्या प्रमाणावर उत्पादन होते आणि व्यापारात ‘सीव्हीडी’ हा शब्द लॅबग्रोनसाठी सर्रास वापरला जातो. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या बीजांवरचे आयातशुल्क काढून टाकण्यात आले आणि देशातच बीज व यंत्रे तयार व्हावीत म्हणून एका आयआयटीला पाच वर्षांचे संशोधन अनुदान जाहीर झाले. ते काम आयआयटी मद्रासकडे गेले.

दोन्ही हिरे सारखेच असतील तर प्रयोगशाळा त्यांना ओळखते कशी? ओळख पटते ती नायट्रोजनवरून. नैसर्गिक हिऱ्यात बहुधा नायट्रोजनचे अणू अडकलेले असतात. सुरुवातीला ते एकेकटे असतात. कोट्यवधी वर्षे खोल जमिनीत तापत राहिल्यावर हळूहळू सरकून ते जोड्या आणि गट करतात. जगातले बहुतांश नैसर्गिक हिरे या गटवाल्या प्रकारचे, म्हणजे ‘टाइप वन-ए’ आहेत. यंत्रातल्या हिऱ्याला एवढा वेळ मिळत नाही. त्यात नायट्रोजन एकेकटा राहतो आणि खडा पिवळा दिसतो, नाहीतर नायट्रोजन जवळजवळ नसतोच. या दुसऱ्या प्रकाराला ‘टाइप टू-ए’ म्हणतात. तपासणीचे यंत्र गटवाला नायट्रोजन दिसला की खड्याला नैसर्गिक म्हणून पुढे सोडते आणि उरलेले बाजूला काढते. बाजूला काढलेला प्रत्येक खडा लॅबग्रोनच असतो, असे मात्र नाही. गोवळकोंड्याचे गाजलेले पाणीदार हिरे याच दुर्मीळ टू-ए प्रकारचे. रासायनिक शुद्धतेत राजेमहाराजांच्या हिऱ्यांशी बरोबरी करणारा खडा आज यंत्रातून निघतो, आणि त्यामुळेच चाळणीचे यंत्र दोघांनाही अडवते.

मग अडवलेल्या खड्यावर तीव्र अतिनील प्रकाश टाकून वाढीच्या खुणा पाहतात. सीव्हीडीत थरांच्या समांतर रेषा दिसतात, एचपीएचटीत वेगवेगळ्या दिशांनी वाढलेले ठळक भाग दिसतात. काही एचपीएचटी खड्यांत धातूचे कण अडकलेले असतात आणि असा खडा चुंबकाकडे किंचित ओढलाही जातो. सीव्हीडीत पेटीच्या काचेतून आलेला सिलिकॉनचा अंश वर्णपटात सापडतो. ही उपकरणे धाराशिवच्या पेढीवर असण्याचे कारण नाही. मुंबईत मात्र ती आहेत: जीआयए, आयजीआय, जीआयआय या संस्थांच्या प्रयोगशाळा तिथे आहेत आणि वांद्रे-कुर्ला संकुलातला भारत डायमंड बोर्स हे २०१० पासून या व्यापाराचे केंद्र आहे. जिल्ह्यातल्या दुकानात आलेला अहवाल बहुतेकदा अशाच एखाद्या प्रयोगशाळेतून खड्यासोबत आलेला असतो.

अहवाल कसा वाचावा

अहवालाला बाजारात ‘सर्टिफिकेट’ म्हणतात. आधी पाहायचे ते तो कोणी दिला आहे. दुकानाने स्वतःच्या नावाने छापलेले, सोनेरी किनारीचे, ‘शंभर टक्के अस्सल’ असे लिहिलेले कार्ड हा अहवाल नव्हे. ते दुकानाचे आश्वासन. विकणाऱ्याहून वेगळ्या संस्थेने खडा तपासून लिहिलेला तोच अहवाल.

दुसरे, खड्याचा जन्म. आयजीआयच्या लॅबग्रोन अहवालावर हे शीर्षकातच असते आणि क्रमांक ‘एलजी’ या अक्षरांनी सुरू होतो. खाली टिपांच्या जागी बारीक अक्षरांत आणखी एक वाक्य असते. हा हिरा सीव्हीडी पद्धतीने वाढवलेला आहे, वाढीनंतर त्यावर प्रक्रिया झालेली असू शकते, प्रकार टू-ए, अशा आशयाचे ते असते. वाढीनंतरची प्रक्रिया म्हणजे काय? अनेक सीव्हीडी खडे पेटीतून तपकिरी झाक घेऊन निघतात आणि मग त्यांना दाब-उष्णता देऊन पांढरे करतात. नैसर्गिक हिऱ्यांवरही प्रक्रिया होतात. आतली भेग काचेसारख्या द्रव्याने भरतात किंवा काळा डाग घालवायला लेसरने बारीक भोक पाडतात. अशा खड्याची किंमत प्रक्रिया न केलेल्यापेक्षा बरीच कमी असली पाहिजे. टिपांची जागा गिऱ्हाईक सहसा वाचत नाही, आणि नेमके महत्त्वाचे तिथेच लिहिलेले असते.

तिसरे, क्रमांक जुळवणे. हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे वरचा आणि खालचा भाग जिथे मिळतो त्या पट्टीवर, अहवालाचा क्रमांक बहुतेकदा लेसरने कोरलेला असतो. लॅबग्रोनवर बहुधा तसा शब्दही कोरतात. भिंगाखाली खडा सावकाश फिरवला की तो वाचता येतो. दुकानदाराला दाखवायला सांगण्यात संकोचण्यासारखे काही नाही. मग तोच क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. इथेही एक पळवाट आहे. खऱ्या नैसर्गिक हिऱ्याचा क्रमांक साधारण तेवढ्याच लॅबग्रोन खड्यावर कोरून विकल्याची प्रकरणे प्रयोगशाळांनीच उघडकीस आणली आहेत. त्यामुळे क्रमांकाबरोबर वजन कॅरटच्या दुसऱ्या दशांशापर्यंत आणि मापे मिलिमीटरच्या दुसऱ्या दशांशापर्यंत जुळतात का, हेही पाहावे लागते. खडा सुटा असताना हे सोपे जाते, कोंदणात बसल्यावर अवघड. म्हणून मोठा एकच खडा घ्यायचा असेल, तर तो आधी सुटा पाहून, जुळवून मग बसवून घेणे चांगले.

बारीक खड्यांची गोष्ट वेगळी. मंगळसूत्राच्या पेंडंटवर किंवा कुड्यांमध्ये एक-दोन सेंटचे खडे असतात (शंभर सेंट म्हणजे एक कॅरट). त्या प्रत्येकाला स्वतंत्र अहवाल नसतो आणि कोरलेला क्रमांकही नसतो. तिथे सबंध दागिन्याचा एक अहवाल मिळतो: एकूण खडे, एकूण वजन, रंग अमुक ते अमुक, स्वच्छता अमुक ते अमुक. नैसर्गिक खड्यांत न सांगता लॅबग्रोन मिसळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते ती याच बारीक मालात. दागिन्याच्या अहवालात सगळे खडे तपासले की नमुन्यादाखल काहीच, हे कुठे लिहिले आहे ते शोधावे.

चार गुण आणि त्यांचे खरे वजन

वजन, रंग, स्वच्छता आणि घडाई हे हिऱ्याचे चार गुण मोजले जातात. डी ते झेड ही रंगाची आणि निर्दोषपासून सदोषपर्यंतची स्वच्छतेची प्रतवारी जीआयएने १९५३ च्या सुमारास रूढ केली आणि मग ती जगभर चालू लागली. दुकानात या चारांची ओळख सारख्याच उत्साहाने करून दिली जाते. चौघांचे महत्त्व मात्र सारखे नाही.

घडाईच्या मोबदल्यात वजन किती द्यायचे, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. त्र्यंबकेश्वरच्या महादेवाचा म्हणून ओळखला जाणारा नाशिक हिरा १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी लंडनला नेला. तेव्हा तो सुमारे ९० कॅरटचा होता. इथल्या जुन्या कारागिरांचा कल वजन राखण्याकडे असे, त्यामुळे हिरा मोठा पण काहीसा मंद होता. लंडनच्या जव्हेऱ्यांनी तो घासून ८० कॅरटच्या आसपास आणला. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी पुन्हा पैलू पाडून तो ४३.३८ कॅरटचा केला. मूळ वजनाचा निम्म्याहून अधिक भाग तेजासाठी खर्ची पडला. शंकराचा हिरा असा कापावा का, हा वेगळा प्रश्न. जव्हेऱ्याच्या हिशेबाने मात्र तो सौदा फायद्याचा होता.

दुकानातल्या अर्ध्या कॅरटच्या खड्यालाही हेच लागू पडते. गोल, ५७-५८ पैलूंच्या हिऱ्यात खालचे पैलू योग्य कोनात असले तर वरून शिरलेला प्रकाश आत परतून पुन्हा वरच येतो. खडा फार खोल किंवा फार उथळ कापला तर प्रकाश तळातून निसटतो आणि मध्यभाग काळसर दिसतो. खोल कापलेला अर्धा कॅरट वजनाला भरतो, पण वरून लहान दिसतो. चांगल्या घडाईचा एक कॅरटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटर व्यासाचा, अर्ध्या कॅरटचा पाच मिलिमीटरहून थोडा मोठा आणि पाव कॅरटचा चार मिलिमीटरच्या आसपास असतो. वजन दुप्पट झाले म्हणून खडा दुप्पट मोठा दिसत नाही. अर्धा, एक असे पूर्ण आकडे गाठले की दर एकदम चढतो. ४७-४८ सेंटचा खडा ५० सेंटच्या शेजारी ठेवला तर डोळ्याला फरक दिसणार नाही, बिलात दिसेल. जीआयए घडाईची श्रेणी फक्त गोल हिऱ्यालाच देत आली आहे. बदामी, चौकोनी खडे डोळ्यांनीच पारखावे लागतात, आणि तेही पेढीवरच्या झगमगत्या दिव्याखाली नव्हे, तर दाराशी, उन्हाच्या उजेडात.

रंगाचा आग्रह दागिना पाहून धरावा. पिवळ्या सोन्याच्या कोंदणात एच किंवा आय रंगाचा खडाही पांढराच दिसतो. डी रंगासाठी मोजलेले जास्तीचे पैसे तिथे वाया जातात. स्वच्छतेचेही तसेच. व्हीव्हीएस आणि व्हीएस या वरच्या प्रतींतला फरक भिंगाखालीच कळतो. त्यांच्या खालच्या एसआय प्रतीचा खडा निवडताना मात्र ठिपका खड्याच्या मधोमध आहे की कडेला, ते पाहावे, कारण कडेचा ठिपका कोंदणाच्या पकडीखाली झाकला जातो.

लॅबग्रोनच्या बाबतीत ही सगळी भाषाच बदलू लागली आहे. यंत्रातून निघणारे खडे बहुतेक वरच्या दोन-चार श्रेणींतच येतात, तेव्हा सगळ्यांनाच पहिला वर्ग मिळत असेल तर प्रतवारीला अर्थ उरत नाही. हे कारण देऊन जीआयएने ऑक्टोबर २०२५ पासून लॅबग्रोनसाठी डी, ई, एफ ही श्रेणी देणे बंद केले आणि ‘प्रीमियम’ व ‘स्टँडर्ड’ असे दोनच गट ठेवले. त्यामुळे दोन दुकानांतल्या दोन लॅबग्रोन खड्यांचे अहवाल दोन वेगळ्या भाषांत बोलत असतील, तर त्यांची थेट तुलना होत नाही, हे लक्षात ठेवून पुढे जावे.

पैसे परत येण्याचा प्रश्न

दुष्काळाची सवय असलेल्या या जिल्ह्यात दागिना ही हौस कमी आणि तरतूद जास्त. पेरणीला, दवाखान्याला, मुलीच्या शिक्षणाला सोने बँकेत तारण ठेवायचे आणि तूर-सोयाबीन विकले की सोडवायचे, ही रीत घरोघरी आहे. हिरा या रीतीत बसत नाही. सोनेतारण कर्जात मूल्यांकन होते ते फक्त सोन्याचे. खड्यांची किंमत धरू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. पन्नास हजारांचा हिरा असलेली अंगठी तारण ठेवायला नेली तर मूल्यांकन करणारा खड्याचे वजन वजा करतो आणि उरलेल्या सोन्याचा भाव लावतो. त्यातून हिऱ्याचे दागिने साधारणपणे १८ कॅरट सोन्यात घडवतात, कारण खडा पकडायला कडक सोने लागते. म्हणजे सोनेही पंचाहत्तर टक्केच. नैसर्गिक असो वा लॅबग्रोन, बँकेच्या तराजूवर दोघांची किंमत सारखीच, शून्य.

बाजारात मात्र दोघांची गत वेगळी होते. नैसर्गिक हिऱ्यालाही सोन्यासारखा रोजचा एकच जाहीर भाव नसतो आणि विकायला गेल्यावर खरेदीच्या किमतीपेक्षा कमीच मिळते. तरी त्याला गिऱ्हाईक असते. लॅबग्रोनचे उत्पादन वाढवायला निसर्गाची आडकाठी नाही. यंत्रे वाढली की भाव उतरतो. खाणमालक डी बिअर्स कंपनीने २०१८ मध्ये लाइटबॉक्स या नावाने लॅबग्रोन दागिने ८०० डॉलर कॅरट अशा सरसकट दराने विकायला काढले, तेव्हा तो दर स्वस्त म्हणून धक्कादायक वाटला होता. पुढे घाऊक बाजारातले भाव त्याच्याही बरेच खाली घसरले आणि २०२५ मध्ये कंपनीने हा व्यवसायच गुंडाळत असल्याचे जाहीर केले. आज लॅबग्रोन खडा घेणाऱ्याने तो उद्या आणखी स्वस्त मिळेल असे धरूनच घ्यावा. यात तोटा आहेच असे नाही. मोठा, स्वच्छ, पाणीदार खडा हौसेने घालायचा असेल आणि पैसे परत यायची अपेक्षा नसेल, तर लॅबग्रोनइतका मोबदला नैसर्गिक हिरा देत नाही. वाईट सौदा एकच: लॅबग्रोन खडा नैसर्गिकच्या आसपासच्या भावाने घेणे, किंवा ‘हीसुद्धा गुंतवणूकच’ या बोलीवर घेणे.

नैसर्गिक की लॅबग्रोन हे ठरवताना पैशांबरोबर पर्यावरणाचा मुद्दाही दोन्ही बाजूंनी मांडला जातो. खाणी जमीन उकरतात. यादवीत शस्त्रांसाठी विकले गेलेले हिरे रोखायला किंबर्ली प्रक्रिया २००३ पासून लागू आहे, तरी तिच्या मर्यादा आहेत. यंत्रे वीज खातात, आणि ती कोळशाची असेल तर ‘हरित हिरा’ ही फक्त जाहिरात ठरते.

पावतीवर काय हवे

अहवाल खड्याचा असतो, व्यवहाराचा पुरावा पावतीच. तीवर नुसते ‘डायमंड अंगठी’ असे असले तर ते अपुरे आहे. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १८३२३ नुसार निव्वळ ‘हिरा’ हा शब्द नैसर्गिकासाठीच वापरायचा आणि यंत्रातला खडा प्रयोगशाळेत वाढवलेला आहे असे स्पष्ट सांगायचे. पावतीवरही ‘नैसर्गिक’ किंवा ‘लॅबग्रोन’ हा शब्द, अहवालाचा क्रमांक, खड्यांचे वजन कॅरटमध्ये आणि त्यांची रक्कम सोन्यापासून वेगळी लिहून घ्यावी.

वजनाचा हिशेब साधा आहे, पण तो करून पाहावा लागतो. पाच कॅरट म्हणजे एक ग्रॅम. समजा अंगठीचे एकूण वजन ४.२५० ग्रॅम आणि त्यात अर्धा कॅरट हिरा. अर्धा कॅरट म्हणजे ०.१०० ग्रॅम. सोने उरले ४.१५० ग्रॅम, आणि सोन्याचा १८ कॅरटचा भाव तेवढ्यावरच लागायला हवा. पूर्ण ४.२५० वर भाव लावला असेल तर हिऱ्याचे पैसे दोनदा घेतले गेले: एकदा हिरा म्हणून, एकदा सोने म्हणून. घडणावळ कशावर लावली, निव्वळ वजनावर की एकूण, तेही पाहावे. दागिन्यावर ३ टक्के जीएसटी लागतो.

सोन्यावरचा हॉलमार्क आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. पण तो शिक्का सोन्याचा आहे. त्याच अंगठीतल्या खड्याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. अनेक घरांत हिरा पहिल्यांदा येतो तो नाकातल्या चमकीतून, आणि दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. कुंदन, पोलकी, जडाऊ हे प्रकारही सक्तीबाहेर आहेत. तिथे सगळा भार पावतीवरच येतो.

बदलीची आणि परतीची बोली तोंडी न ठेवता पावतीच्या मागे लिहून घ्यावी. बहुतेक दुकाने बदलीत जास्त आणि रोख परतीत कमी देतात, दोन्ही टक्केवाऱ्या वेगळ्या असतात. ती टक्केवारी खरेदीच्या किमतीवर की त्या दिवशीच्या भावावर, हा प्रश्न लॅबग्रोनसाठी कळीचा ठरतो. सोलापूर, लातूर किंवा पुण्यात खरेदी केली असेल तर तीच बोली त्या दुकानाच्या कोणत्या शाखेत चालेल, तेही विचारून ठेवावे.

दुरुस्तीची काळजी वेगळी. हिरा कठीण असला तरी न फुटणारा नव्हे. विशिष्ट दिशेने ठोका बसला तर तो दुभंगतो. हवेत खूप तापला तर त्याचा पृष्ठभाग जळून पांढुरका होतो. अंगठी सैल करायला सोनाराकडे दिली तर डाग लावण्याआधी खड्यावर बोरिक ॲसिडचा लेप देतात किंवा खडा काढून ठेवतात. देताना आणि घेताना समोर वजन करून, भिंगाखाली क्रमांक पाहून घेतला की खडा बदलल्याची शंका राहत नाही.

एवढे करूनही लॅबग्रोन खडा नैसर्गिक म्हणून गळ्यात मारला गेल्याचे नंतर कळले, तर प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्याने काम झाले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दुकान पुण्यात असले तरी ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या, म्हणजे धाराशिवच्या, ग्राहक आयोगात दाद मागता येते. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते, ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर आयोग ती सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि तिच्या अहवालावर पुढची सुनावणी चालते.